कुंपण आणि शेत

आपल्या पांढरपेशा समाजात काही वाक्ये अशी आहेत की, ती प्रथम कोणी उच्चारली हे कोणालाच सांगता येत नाही. परंतु ती प्रत्येकाने लहानपणी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेली असतात. "या देशाला दहा वर्षे हुकूमशाहीच पाहिजे," हे त्यांपैकीच एक वाक्य होय. त्यास कोणतेही निमित्त पुरते. रस्त्यातील खड्डा, कचेरीतील हेलपाटे, आगगाडीचा खोळंबा, बँकेतील संप, यांपैकी काहीही घडले की कोणीतरी सुस्कारा सोडून हे वाक्य म्हणतो व इतर माना डोलावतात. म्हणणारा मनुष्य क्रूर असतो असे मुळीच नाही. बहुधा तो वेळेवर कर भरणारा, मुलांना वळण लावणारा, मुंगीवरही पाय न देणारा सद्गृहस्थ असतो. म्हणूनच या वाक्याचा विचार थोड्या गंभीरपणे केला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

आमचे थोरले काका आयुष्यभर शाळामास्तर होते. त्यांचे आमच्यावर फार ऋण आहे. अक्षर वळविण्यापासून इतिहास वाचण्यापर्यंत आम्हांस जे काही येते, त्यातील बरेचसे त्यांनीच दिलेले. तेही हे वाक्य म्हणत, व त्यास एक उपपत्ती जोडीत. "अरे, वर्गावर जरब नसेल तर शिकवता येत नाही, मग देशावर जरब नसेल तर कारखाने चालतील कसे? आणि कारखाने चालले नाहीत तर राष्ट्र मोठे होणार कसे?" जरब, उद्योग आणि राष्ट्राभिमान हा त्यांच्या मते तिपेडी दोर होता, तीनही पेड एकत्र वळले म्हणजे तो तुटावयाचा नाही. ही उपपत्ती काकांची एकट्याची नव्हती. भल्याभल्या विद्वानांनी, कारखानदारांनी आणि मुत्सद्द्यांनी ती मानली आहे, आणि एका मोठ्या सुशिक्षित राष्ट्राने बारा वर्षे तिचा प्रयोगही करून पाहिला आहे. ते राष्ट्र म्हणजे १९३३ ते १९४५ या काळातील जर्मनी. आम्ही हेच उदाहरण घेतो याचे कारण असे की, युद्धात पराभव झाल्यामुळे त्या राज्याची दप्तरे उघडी पडली, आणि जी बोलणी इतरत्र बंद दाराआड राहतात ती तेथे न्यायालयात वाचली गेली. हिशेब तपासावयाचा तर वह्या हाती असाव्या लागतात. येथे त्या आहेत.

२० फेब्रुवारी १९३३ रोजी संध्याकाळी बर्लिन येथे हेरमान गोअरिंग याच्या सरकारी निवासस्थानी सुमारे पंचवीस बडे कारखानदार व पेढीवाले जमले. तोफा ओतणाऱ्या प्रख्यात घराण्याचा गुस्टाव्ह क्रुप तेथे होता, आय. जी. फार्बेन या रसायनांच्या प्रचंड कंपनीचा प्रतिनिधीही होता. हिटलर तीन आठवड्यांपूर्वी, ३० जानेवारीस, चॅन्सेलर झाला होता आणि ५ मार्चला निवडणूक व्हावयाची होती. हिटलरने तेथे जे भाषण केले त्याचा इत्यर्थ असा की, लोकशाहीच्या युगात खासगी धंदा टिकणे शक्य नाही. धंदा राखावयाचा असेल तर सत्ताही एकमुखी हवी. गोअरिंगने सांगितले की, ही निवडणूक पुढील दहा वर्षांतील, किंबहुना शंभर वर्षांतील, शेवटची ठरेल. मग ह्याल्मार शाख्त या अर्थपंडिताने निवडणुकीच्या खर्चासाठी ३० लक्ष मार्कांची मागणी केली. एकट्या आय. जी. फार्बेनने ४ लक्ष मार्क दिले. हा वृत्तान्त प्रथम वाचला तेव्हा "दहा वर्षे" या शब्दांपाशी आम्ही थबकलो. मागणारा दहा वर्षेच मागतो. घेणारा त्यावर एक शून्य चढवून घेतो.

येथे एक खुलासा करणे न्यायाचे होईल. हिटलरला कारखानदारांनीच पैसे चारून गादीवर बसविले, असे जे सरसकट सांगितले जाते ते इतिहासास धरून नाही. हेन्री ॲशबी टर्नर या अमेरिकन इतिहासकाराने १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखविले आहे की, १९३३ पूर्वी बड्या भांडवलवाल्यांचा बराचसा पैसा हिटलरच्या पक्षाकडे न जाता इतर उजव्या पक्षांकडे जात होता. फ्रिट्झ थिसेन या पोलादाच्या धन्यासारखे उघड पाठीराखे थोडे होते. स्वतः क्रुप आरंभी दूरच होता. म्हणून या मंडळींनी वाघ पाळला असे म्हणता येत नाही. तो दारात येऊन उभा राहिल्यावर त्यांनी त्यास राखणदार म्हणून ठेवून घेतले, एवढेच म्हणता येते. परंतु तेवढेही थोडे नाही. त्यांना भय होते, व ते अगदीच काल्पनिक नव्हते. देशात सुमारे ६० लक्ष माणसे बेकार होती, नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत कम्युनिस्टांस १०० जागा मिळाल्या होत्या, मजूरसंघ बळकट होते. शेत मोठे, गुरे सैल सुटलेली, आणि कुंपण घालून देतो म्हणणारा मनुष्य समोर उभा. भाव तेवढा ठरावयाचा होता, आणि तो ३० लक्ष ठरला.

परंतु त्या सौद्यातील खरी मेख आठ दिवसांनी उघडकीस आली, आणि आश्चर्य हे की ती सौदा करणाऱ्यांपैकी कोणी नीट वाचली असे दिसत नाही. २७ फेब्रुवारीच्या रात्री राइशस्टागच्या इमारतीस आग लागली. २८ तारखेस राष्ट्राध्यक्षाच्या सहीने एक वटहुकूम निघाला. त्याने जर्मन राज्यघटनेतील सात कलमे तहकूब केली. व्यक्तीचे स्वातंत्र्य गेले. घराची झडती न होण्याचा हक्क गेला. टपालाची गुप्तता गेली. मतप्रकाशन, सभा आणि संघ यांचे स्वातंत्र्य गेले. या यादीत शेवटचे कलम होते १५३ वे, आणि त्यात मालमत्तेचे संरक्षण सांगितलेले होते. ज्या वाक्याने कम्युनिस्टाची जीभ कापली, त्याच वाक्याने क्रुपच्या तिजोरीचे कुलूपही काढून ठेवले होते. मालकांनी पहिला अर्धा भाग वाचून समाधान मानले. हक्क ही वस्तू सुटी विकत मिळत नाही. सगळी गाठोडी एकाच दोरीने बांधलेली असतात, आणि दोरी तोडली की सगळीच सुटतात. पुढे २३ मार्चला ४४४ विरुद्ध ९४ मतांनी कायदे करण्याचा अधिकारच मंत्रिमंडळाच्या हवाली झाला, तेव्हा त्या सुटलेल्या गाठोड्यांवर पुन्हा हात ठेवण्याचा मार्गही बंद झाला.

आता या व्यवहारात राष्ट्राभिमानाचे काम काय होते ते पाहू. भांडवलवाल्यांची संख्या थोडी. त्यांच्या हितासाठी कोट्यवधी लोक रस्त्यावर येत नाहीत. सत्ताधाऱ्याजवळ बळ असते, परंतु नुसत्या दंडुक्याने गिरणी चालत नाही. या दोघांस जोडणारा चुना म्हणून राष्ट्राचे नाव वापरले गेले. हिटलरच्या पक्षाने १९२० साली जो पंचवीस कलमी कार्यक्रम जाहीर केला होता, त्यात व्याजाची गुलामगिरी मोडण्याचे, बड्या उद्योगांच्या नफ्यात वाटा देण्याचे आणि मोठमोठी दुकाने ताब्यात घेऊन ती लहान व्यापाऱ्यांस स्वस्त भाड्याने देण्याचे वचन होते. लहान दुकानदार, कारकून आणि कारागीर यांनी त्यावर भरवसा ठेवला. सत्ता आल्यावर ती कलमे कागदावरच राहिली. मात्र "आपण सारे एक राष्ट्र" हे वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकू येऊ लागले. ज्यास वाटा द्यावयाचा नसतो त्यास नाते सांगावे, ही युक्ती घरातील भाऊबंदकीतही आपण पाहतो.

कामकऱ्यांच्या बाबतीत हे सर्व अवघ्या दोन दिवसांत उरकले. १ मे १९३३ हा दिवस सरकारने "राष्ट्रीय श्रमाचा दिवस" म्हणून पगारी सुट्टीचा ठरविला. मजूरसंघांनी अनेक वर्षे मागितलेली ही गोष्ट. त्यांचे लोक सरकारी मिरवणुकीत सामील झाले. दुसऱ्या दिवशी, २ मेच्या सकाळी, देशभर मजूरसंघांच्या कचेऱ्यांवर छापे पडले, पुढारी पकडले गेले आणि संघांचा पैसा व इमारती जप्त झाल्या. २० जानेवारी १९३४ च्या कायद्याने कारखान्याचा मालक हा "नायक" आणि मजूर हे त्याचे "अनुयायी" ठरले. मजुरीचे दर मंदीच्या काळात जेथे उतरले होते तेथेच जवळजवळ गोठविले गेले. मालकांस हे राज्य आवडले यात नवल नाही. कुंपण पक्के झाले होते, गुरे बाहेर होती.

या राज्याचे यश खोटे होते असे म्हणून आम्ही वाद जिंकू इच्छीत नाही. बेकारी खरोखरच हटली. तीन-चार वर्षांत माणसांचा तुटवडा भासू लागला. परदेशी पाहुणे जाऊन रस्ते पाहून येत आणि थक्क होत. परंतु पैसा कोठून येत होता? शाख्तने त्यासाठी एक कागदी पेढी उभी केली. तिचे भागभांडवल अवघे १० लक्ष मार्क. शस्त्रास्त्रे बनविणारे कारखानदार सरकारास माल देत आणि या पेढीवर हुंडी लिहीत. सरकारची तिला हमी असे, आणि मध्यवर्ती बँक ती वटवून देई. "मेफो" नावाने प्रसिद्ध असलेल्या या हुंड्या १९३८ पर्यंत सुमारे १,२०० कोटी मार्कांच्या झाल्या. १० लक्षांची पेढी आणि १,२०० कोटींच्या हुंड्या! आपल्याकडील एखाद्या सावकाराने असे केले असते तर गावाने त्यास वेशीवर उभा केला असता. पण तेथे वर्तमानपत्रात लिहावयाचे कोणी, आणि सभागृहात विचारावयाचे कोणी? ज्या राज्यात प्रश्न बंद होतात तेथे जमाखर्चही बंद होतो, आणि मग बाहेरून सर्व काही भरभराटीचे दिसते.

हळूहळू कुंपणास पाने फुटण्याऐवजी दात फुटू लागले. १९३४ साली भागीदारांस वाटावयाच्या नफ्यावर मर्यादा आली. वरचा पैसा सरकारी रोख्यांत घालावा लागे. परदेशी हुंडणावळ सरकारच्या मुठीत गेली; कोणता कच्चा माल कोणास मिळावा हे अधिकारी ठरवू लागले. १९३६ मध्ये चार वर्षांची योजना गोअरिंगच्या हाती आली, आणि त्याच वर्षअखेर संपत्ती देशाबाहेर नेणाऱ्यास देहदंडाची तरतूद झाली. १९३७ साली हलक्या प्रतीच्या देशी खनिजापासून पोलाद काढण्यासाठी गोअरिंगने स्वतःच्या नावाचा सरकारी कारखाना काढला. पोलादाचे जुने धनी हा तोट्याचा धंदा आहे म्हणून कुरकुरले, तेव्हा त्यांस घातपाताच्या आरोपाची भीती घालण्यात आली. धंद्याविषयीचे मत हा आता राजद्रोह होऊ शकत होता.

आमच्या एका भाच्याचा औद्योगिक वसाहतीत लहानसा कारखाना आहे. अठरा माणसे कामास आहेत. मोटारींना लागणारे सुटे भाग तो करतो. मुलगा कष्टाळू आणि सरळ आहे. एकदा बोलता बोलता तो म्हणाला, "मामा, तुमच्या त्या लोकशाहीशी मला काय करायचंय? वेळेवर ऑर्डर मिळावी, युनियनची कटकट नसावी. मग दिल्लीत कोणी का बसेना!" आम्ही त्यास हूगो युंकर्सची हकीकत सांगितली. युंकर्स हा विमानांच्या विद्येतील फार मोठा संशोधक. डेसाऊ येथे त्याचा नामांकित कारखाना होता. त्याची मते उदार होती, आणि नव्या राज्यकर्त्यांस विमाने हवी होती. १९३३ सालीच राजद्रोहाच्या खटल्याची धमकी देऊन त्याची पेटंटे व कारखान्यातील बहुतेक भाग सरकारने लिहून घेतले. त्यास घरातच स्थानबद्ध केले. ३ फेब्रुवारी १९३५ रोजी, आपल्या ७६ व्या वाढदिवशी, तो मरण पावला. कारखाना मात्र त्याच्याच नावाने चालू राहिला आणि त्यातून लढाऊ विमाने बाहेर पडली. भाचा थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "पण मामा, तो विरोधात होता." म्हणून आम्हांस थिसेनचीही हकीकत सांगावी लागली. थिसेन तर आरंभापासूनचा पाठीराखा, पैसे पुरविणारा, पक्षाचा सभासद. १९३९ साली युद्धास त्याचा विरोध होता म्हणून तो देश सोडून गेला. त्याची सगळी मालमत्ता जप्त झाली, पुढे तो फ्रान्समध्ये पकडला गेला आणि त्यास छळछावणी पाहावी लागली. आणि ज्यांनी विरोधही केला नव्हता व पाठिंब्याची संधीही ज्यांस मिळाली नाही, त्या ज्यू व्यापाऱ्यांचे काय झाले? नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांची दुकाने फोडण्यात आली, आणि फोडणाऱ्यांस सोडून त्यांच्यावरच १०० कोटी मार्कांचा सामुदायिक दंड बसविण्यात आला. १ जानेवारी १९३९ पासून त्यांस दुकान चालविण्याचाच मज्जाव झाला. ती दुकाने मातीमोलाने ज्यांच्या हाती पडली, ते शेजारचेच राष्ट्राभिमानी सद्गृहस्थ होते.

"कुंपणानेच शेत खाल्ले," ही आपली म्हण येथे आठवते. परंतु हिशेब पुढे तपासला असता ही म्हण अर्धीच खरी ठरते, आणि उरलेले अर्धे अधिक कडू आहे. कुंपणाने पीक खाल्ले. पण बड्या मालकाची जमीन बहुतेक जागच्या जागी राहिली. युद्धकाळात मजूर कमी पडले तेव्हा बाहेरून माणसे धरून आणण्यात आली. ऑगस्ट १९४४ मध्ये सुमारे ७६ लक्ष परदेशी मजूर व युद्धकैदी जर्मनीत राबत होते. आय. जी. फार्बेनने ऑशविट्झजवळ मोनोविट्झ येथे कारखाना उभारला. तेथील कैद्याच्या कामाबद्दल कंपनी दिवसाचे तीन-चार मार्क देत असे. परंतु ते राबणाऱ्याच्या हातावर पडत नसत, छावणी चालविणाऱ्या एस. एस. दलाकडे भरले जात. युद्धानंतर न्यूरेंबर्ग येथे खटले झाले. क्रुप घराण्याचा वारस आल्फ्रीड यास १९४८ साली बारा वर्षांची शिक्षा व संपत्तीची जप्ती सांगितली गेली. १९५१ च्या आरंभी तो सुटला, आणि मालमत्ताही परत मिळाली. राबलेल्या मजुरांपैकी जे जिवंत उरले होते, त्यांच्यासाठी जर्मन सरकार व जर्मन उद्योग यांनी निम्मानिम्मा भार उचलून १,००० कोटी मार्कांचा निधी उभारला तो २००० साली, म्हणजे पंचावन्न वर्षांनी. २००७ पर्यंत सुमारे १६ लक्ष ६० हजार लोकांस त्यातून रक्कम पोचली. इतर लक्षावधी तोपर्यंत वाट पाहून मरण पावले होते.

आता आपल्या वर्गाकडे वळू. कारण काकांचे वाक्य क्रुपच्या घराण्यात बोलले गेलेले नाही, ते आपल्या ओसरीवर बोलले गेले आहे. १९३८ साली जर्मन सरकारच्या श्रमसंघटनेने एक मोहक योजना जाहीर केली. प्रत्येक कुटुंबास मोटार मिळावी. किंमत अवघी ९९० मार्क. दर आठवड्यास पाच मार्कांचे एक तिकीट घेऊन पुस्तकात चिकटवावे, आणि पुस्तक भरले की गाडी न्यावी. तिच्या कारखान्याचा पायाभरणी समारंभ २६ मे १९३८ रोजी खुद्द हिटलरच्या हस्ते झाला, आणि त्या पायात २ मेच्या छाप्यात लुटलेला मजूरसंघांचा पैसाही गाडलेला होता. कारकून, शिक्षक, कारागीर यांनी मुलांच्या तोंडचा घास काढून तिकिटे चिकटविली. सुमारे ३ लक्ष ३६ हजार लोकांनी सुमारे २८ कोटी मार्क भरले. या रकमेवर व्याज नव्हते. कारखान्यातून लष्करी गाड्या बाहेर पडल्या; तिकिटे भरणाऱ्यांपैकी एकासही गाडी मिळाली नाही. युद्धानंतर हे लोक न्यायालयात गेले, आणि वर्षानुवर्षे भांडून १९६१ साली तडजोड झाली. ज्याने पूर्ण रक्कम भरली होती त्यास नव्या गाडीच्या किमतीत ६०० मार्कांची सूट, किंवा रोख १०० मार्क. ती कंपनी म्हणजे आज सर्वांस ठाऊक असलेली फोक्सवॅगन.

ज्यांनी गाडीचा मोह धरला नाही आणि काकांसारखे पुस्तकातच पैसे ठेवले, त्यांची गत निराळी झाली नाही. लोकांच्या ठेवी बचतपेढ्यांतून गुपचूप सरकारी रोख्यांत आणि तेथून तोफांत गेल्या. ठेवीदारास कोणी विचारले नाही, व त्यासही विचारता आले नाही. २० जून १९४८ रोजी पश्चिम जर्मनीत चलन बदलले, तेव्हा पुस्तकातील प्रत्येक १०० जुन्या मार्कांबद्दल ठेवीदाराच्या हाती शेवटी साडेसहा नवे मार्क पडले. ज्याच्याजवळ जमीन, यंत्रे किंवा कंपनीचे भाग होते त्याचे पुष्कळसे टिकले. ज्याच्याजवळ केवळ काटकसर होती त्याचे गेले. शिस्तीची सर्वांत अधिक आवड ज्या वर्गास होती, त्याच वर्गाने शिस्तीची सर्वांत अधिक किंमत मोजली.

या सर्वांचा अर्थ काय लावावा याविषयी पंडितांत मतभेद आहेत. फ्रान्झ नॉयमान याने १९४२ साली असे प्रतिपादन केले की, हे राज्य म्हणजे मक्तेदार भांडवलशाहीचेच हुकूमशाही रूप. त्याचाच सहकारी फ्रीड्रिश पोलॉक याने त्याआधी एक वर्ष नेमके उलटे म्हटले होते: येथे बाजार संपला असून सर्व सूत्रे शासनाच्या हाती गेली आहेत. १९४४ साली हायेक यांनी या साऱ्याचे मूळ सरकारी नियोजनात दाखविले. आमच्या अल्प बुद्धीस असे वाटते की, तिघांनीही हत्तीचा एकेक अवयव खरा पाहिला. नफा मालकाचा होता हे खरे, हुकूम सरकारचा होता हेही खरे. परंतु दोन्ही बाजूंस एक गोष्ट समान होती: "हे का?" असे विचारणारा मध्ये कोणी उरला नव्हता. भांडवल स्वभावतः हुकूमशाहीकडेच जाते असे म्हणावे तर इंग्लंड, हॉलंड, स्वीडन येथे त्याच मंदीच्या काळात ते मताधिकारी प्रजेबरोबर नांदत होते. तेथे मजूरसंघ होते, वर्तमानपत्रे होती, विरोधी बाके होती. मालकांस ती कटकट वाटे. वस्तुतः तेच त्यांचे खरे कुंपण होते.

राष्ट्राभिमानासही आम्ही दोष देत नाही. आपल्या महाराष्ट्रातच तो उद्योगाशी किती सुंदर रीतीने जोडला गेला होता याची आठवण ठेवावी. अंताजी दामोदर काळे यांनी देशी धंद्यांसाठी माणशी एक पैसा मागत पैसा फंड उभा केला, टिळकांनी त्यास पाठबळ दिले, आणि त्यातून १९०८ साली तळेगाव येथे काचेचा कारखाना निघाला. राष्ट्राच्या नावाने तेथेही पैसाच मागितला होता, आणि जर्मनीतही पाच मार्कांचे तिकीटच मागितले होते. फरक एवढाच की, पैसा फंडाच्या मागे शिपाई नव्हता. देणारा हात आखडता घेऊ शकत होता. न देणारा राष्ट्रद्रोही म्हणून तुरुंगात जात नव्हता. जो राष्ट्राभिमान नकार सहन करतो तो घरात दिवा लावतो. ज्यास प्रश्नच सहन होत नाही, त्याच्या हाती किल्ल्या देऊ नयेत.

हे आपल्याकडे घडणार नाही असे समजण्यासही जागा नाही. २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७ या काळात आपणही आणीबाणीची चव घेतली आहे. दोन्ही प्रसंगांची बरोबरी आम्ही करीत नाही. एकवीस महिने आणि बारा वर्षे, निवडणुकीने सुटका आणि विध्वंसाने सुटका, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पण चाल ओळखीची होती. गाड्या वेळेवर धावतात म्हणून आपल्या वर्गातील अनेक मंडळी खूष होती, संप थांबले म्हणून मालकही खूष होते, आणि त्याच शिस्तीच्या दिवसांत, सप्टेंबर १९७५ मध्ये, एका वटहुकूमाने कामगारांचा किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला गेला. तो पूर्ववत झाला १९७७ साली, म्हणजे लोकांस पुन्हा मत देता आल्यावर. जरबेचा पहिला हप्ता कोण भरतो हे यावरून कळावे.

म्हणून आमचे सांगणे एवढेच आहे. शासन बळकट असावे, उद्योग भरभराटावे, राष्ट्राविषयी अभिमान असावा, यांत वाईट काही नाही. परंतु या तिघांचा दोर वळताना त्यातील एकही टोक आपल्या हाती राहणार नसेल, तर तो दोर विहिरीत सोडावयाचा आहे की कोणाच्या गळ्यात घालावयाचा आहे, हे वळणाराच ठरवील. ते टोक म्हणजे हिशेब विचारण्याचा हक्क. तो मालकाचा, मजुराचा आणि पुस्तकवाल्या मास्तराचा एकच असतो, आणि त्यातील एकाचा तुटला की इतर दोघांचे फक्त दिवस मोजावयाचे राहतात.

२३ मार्च १९३३ च्या मतदानाविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली. कम्युनिस्ट सभासदांस सभागृहात येऊच दिले नव्हते. सभोवती गणवेशातील लोक उभे होते. उदारमतवादी पक्षाचे जे पाच सभासद उरले होते, त्या सर्वांनी होकारार्थी मत दिले. ते शिकलेसवरलेले, सुसंस्कृत लोक होते. त्यांपैकी टेओडोर हॉइस हे लेखक व अध्यापक पुढे १९४९ साली पश्चिम जर्मनीचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. विरोधात बोलावयास एकच पुढारी उभा राहिला, आणि त्याच्या पक्षाची ९४ मते तेवढी विरोधात पडली. त्याचे नाव ओटो व्हेल्स. पुढे त्यास देश सोडावा लागला, आणि १९३९ साली पॅरिस येथे तो वारला. मूळ धंद्याने तो गाद्या-खुर्च्या मढविणारा कारागीर होता.